नणंदबाईंची बॅटरी

ये गं पोरी, अशी जवळ सरक. सहावा महिना लागला तुले, अन् ब्रशले रक्त लागते म्हणून ब्रश करणंच सोडून दिलं म्हणते? शाबास! नशीब समज की मी भेटली. अकोल्याची माझी नणंद भेटली असती तर आतापर्यंत तुले आ करून उभं केलं असतं.

अख्ख्या वऱ्हाडात गरोदर बायांचे दात माझ्या नणंदेइतके कोणी पाहिले नसतील, दाताच्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. पर्समध्ये कंगवा नसेल, पण छोटी बॅटरी असतेच. डोहाळजेवणात साऱ्या बाया ओटी भरतात; आमच्या नणंदबाई फुलांचा मुकुट बाजूला सारून म्हणतात, "आ कर!" एकदा अमरावतीला येताना एसटीत शेजारच्या अनोळखी पोटुशीला मूर्तिजापूर यायच्या आत दोनदा आ करायला लावलं. तिचा नवरा खवळला, "काकू, तुमी डॉक्टर आहे काय?" तर म्हणे, "डॉक्टर असती तर तुलेच आधी तपासलं असतं!" एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नाही. चहा उभ्यानं, जेवण फिरत, आणि फोनवर बोलता बोलता अंगण झाडून होतं.

मागच्या वर्षी माझी सून सहाव्या महिन्यात असताना तिची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला, पोरगी पेजेवर आली. मी आपली लवंग दिली आणि नणंदबाईंजवळ फोनवर सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत बाई दारात. चप्पलही काढली नाही.

"वयनी, पोरगी उपाशी, अन् तुमी लवंगा निवडून राहिल्या?"

"दोन जीवाची आहे बाई. पोटातल्या लेकराले काही झालं तर?"

"कितवा महिना ते डॉक्टरले सांगायचं, त्याले समजते काय करायचं. अन् माय उपाशी राह्यली तर लेकराले काही होत नाही काय?"

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी महिना विचारला, सुनेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, मग दाढेतला पू काढून दाढ वाचवली. तोवर बाहेर नणंदबाईंच्या इतक्या येरझारा, की कंपाउंडर म्हणाला, "मावशी, फरशी झिजते ना!" दोन दिवसांनी सून वरण-पोळी जेवली, तेव्हा कुठे बाई घास तोडायला बसल्या.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई त्यांनाही म्हणाल्या होत्या, "मावशी, तुम्हीपण बसा खुर्चीवर, पाहते." बाईंनी पटकन पदर तोंडावर घेतला.

का, ते मलाच कळलं. पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी, म्हणजे आमच्याच घरी आल्या होत्या. अशीच दाढ, असाच गाल. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीनं दाताला हात लावू देऊ नये. मी नवी सून, माझी जीभ उचलली नाही. लपून तंबाखूची गुडाखू तेवढी मीच आणून दिली, हिरडीला घासायला. ठणका दबला, पण गुडाखू सुटली नाही आणि चाळिशीच्या आत दात गेले. त्यांनी कधी माझं नाव घेतलं नाही. बॅटरी तेवढी घेतली.

तर पोरी, उद्याच दात दाखवून ये, अन् कितवा महिना ते आधी सांग.

अन् नणंदबाई, हे तुमच्यापर्यंत पोचलंच तर ऐका. गुडघे दुखतात म्हणून तुमी आता येत नाही. पण नातवाले परवा पहिला दात आला, अन् माझ्या चष्म्यातून तो धड दिसत नाही. बॅटरी घेऊन लवकर या. अन् या खेपेला जराशा बसा. मले तुमाले एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती उभ्या माणसाले सांगता येत नाही.