पडतो की होतो

जपूनचं खरं नाव मी हजेरीपटावर एक वर्षभर रोज वाचलं आहे, तरी आता ते आठवत नाही. आठवीत कुणी त्याच्याकडे पट्टी मागितली की तो देताना म्हणायचा, "जपून." कंपासपेटी दिली की "जपून." एकदा मला खडू उचलून देतानाही म्हणाला, आणि त्या दिवशी वर्गानं त्याचं नामकरण उरकून टाकलं. आता तो बावन्न वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरलेत, आणि फोन उचलला की स्वतःच सांगतो, "जपून बोलतोय." नवखं गिऱ्हाईक लगेच आवाज खाली करतं.

मराठीत तो काठावर पास झाला. मीच ढकलला. त्याची क्रियापदं अशी असायची की कर्त्यानं पाहिली असती तर ओळख दिली नसती. मी लाल पेनानं गोल करत सुटायची, आणि वही परत जायची तेव्हा तिला गोवर आलेला असायचा.

शाळेनंतर तो टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली लागला. टाइपरायटर गेले, प्रिंटर आले, मग कॉम्प्युटर आले. जपून जिन्याखालच्या त्याच दुकानात, त्याच स्टुलावर बसून राहिला. समोरची यंत्रं तेवढी बदलत गेली. भिंतीवर औषधांच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं लावलेल्या आहेत आणि त्यांत जातीजातीचे स्क्रू. त्यानं आजवर एकही स्क्रू टाकून दिलेला नाही. म्हाताऱ्यानं त्याला एक शिस्त लावली होती: गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी शब्दाला शब्द लिहून घ्यायचं, मगच हत्याराला हात लावायचा. त्यासाठी जपूनकडे एक जाड वही असते. डावीकडे 'काय म्हणाले', उजवीकडे 'काय निघालं'. मी ती चाळली आहे. डावीकडे 'भुतानं झपाटलंय', उजवीकडे 'उंदीर'. डावीकडे 'मुलीनं काहीतरी केलंय', उजवीकडे 'वडिलांनी'.

तर असा हा माणूस पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं दुरुस्त करत आला आणि एके दिवशी त्याच्या मनानं घेतलं की आपण एक यंत्र मुळापासून जोडायचं. नेमका तेव्हाच माझा जुना कॉम्प्युटर संपला. मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते, त्यामुळे मला नवा हवाच होता. तो म्हणाला, "बाई, पहिला तुमचा जोडतो. नीट चालला की पाटी लावतो." पाटी रंगवून तयार होती: 'नवीन कॉम्प्युटर जोडून मिळतील'. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभी करून ठेवली होती. त्याच्या मेहुण्याचं मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान आहे, आणि मेहुण्याचा एकच धोशा होता की हे पेचकस सोड नि माझ्या गल्ल्यावर येऊन बस. बायकोही आताशा भावाच्याच बाजूनं बोलायला लागली होती. जपून मला म्हणाला, "हा चालला नाही, तर मी उरलेलं आयुष्य कव्हरं विकत बसणार." हसत म्हणाला, पण डोळे पाटीच्या कागदावर होते.

एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं तो जोडला आणि त्याचा डबा टेबलाखाली उजव्या बाजूला उभा केला. मी आणि माझी नणंद, आम्ही दोघीच घरात असतो. वन्सं शिवणाचे वर्ग घ्यायच्या. सत्तरी उलटली तरी हात स्वस्थ बसत नाहीत. आमच्या घरात मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, कव्हरं ठेवायच्या पेटीलाही आहे. जपून एकेक भाग जागेवर बसवताना स्वतःलाच "जपून" म्हणत होता, आणि वन्सं गळ्यात टेप अडकवून टेबलाभोवती फिरत होत्या.

आठवडाभरानं कॉम्प्युटर मधेच थांबायला लागला. प्रुफं वाचत बसलेली असावी, चौऱ्याऐंशीव्या पानावर असावी, की हा गेला. कधी तासाभरानं, कधी दहा मिनिटांत. दिवसात तीनदा, मग दोन दिवस काहीच नाही. मला तर संताप यायचा. मी एका चिठ्ठीवर 'संगणक मधेच बंद पडतो' असं लिहून, खाली सही करून, दुकानात पाठवून दिली.

जपून दुसऱ्याच दिवशी आला आणि डबा घेऊन गेला. दुकानात त्यानं तो तीन दिवस अखंड चालवला. एकदाही थांबला नाही. परत आणला, दुपारी लावला, संध्याकाळी गेला. मग त्यानं वीज पुरवणारी पेटी बदलली. तरी गेला. मग त्याला वाटलं आत तापतोय, म्हणून पंखा काढून खालची पेस्ट पुसून नवी लावली. गेला. रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढून पाहिल्या, भिंतीतला प्लग बदलला, एक दिवस तर मीटर घेऊन आमच्या घरातली वीज तपासत बसला आणि वन्संना विचारलं की फ्रीज कधी सुरू होतो. वन्सं म्हणाल्या, भूक लागली की.

त्यातून विशेष म्हणजे वन्सं बसल्या की तो कधीच थांबत नसे. त्या रोज तासभर नातीचे फोटो बघतात, एकच फोटो मोठा करून, लहान करून. त्यांचं निदान ठाम होतं: "वहिनी, यंत्राला माणूस कळतं. तुम्ही सारख्या रागावता, म्हणून तो उठून जातो." मी त्यांना उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर निदान खरं ठरलं असतं.

असे पाच हप्ते गेले. मेहुणा दुकानात येऊन विचारून गेला, बाईंचा पेशंट कसा आहे. जपूनची दाढी वाढली. शेवटी एका दुपारी तो हत्यारांची पिशवी न घेता, नुसती वही घेऊन आला. वन्संनी नेहमीप्रमाणे डब्यावरचं कव्हर काढून, घडी करून कपाटात ठेवलं. घरी माणूस आला की त्या सगळ्याची कव्हरं काढतात. जपून टेबलापाशी बसला आणि म्हणाला की आज डबा घेऊन जातो, तुम्हाला बाजारातला नवा आणून देतो. पाटी काल माळ्यावर टाकली. सोमवारपासून मेहुण्याकडे.

मी म्हटलं, मूर्खासारखं करू नकोस. तो म्हणाला, मूर्खासारखंच केलं, पाच हप्ते. वहीत डावीकडे माझी चिठ्ठी चिकटवलेली होती, सहीसकट. उजवी बाजू कोरी होती. चहा होत होता तेव्हा तो म्हणाला, "बाई, एकदा तोंडानं सांगा. लिहिलेलं नको. काय होतं ते."

मी सांगितलं. की मी वाचत असते. समोरची पानं आपोआप मिटतात. मग ते गोल गोल फिरतं, 'बंद होत आहे' असं लिहून येतं, आणि मग—

"थांबा. काय लिहून येतं?"

"बंद होत आहे."

"रोज येतं?"

"दर वेळी. तू मराठीत करून दिलास ना, म्हणून मराठीत येतं."

जपूननं वही मिटली, परत उघडली, माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. म्हणाला, "बाई, मग हा पडत नाही. होतो."

मी म्हटलं, एकच ते.

"एकच नाही. पडतो म्हणजे न सांगता, उभ्याचा आडवा. वीज गेली, तापला, काही तुटलं. पडणाऱ्याला 'मी पडत आहे' असं लिहायला वेळ असतो का? हा तर सगळं आवरून, निरोप घेऊन जातोय. म्हणजे याला कुणीतरी 'जा' म्हणतंय."

मी एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं. माणूस पडतो, दिवा बंद होतो, घड्याळ बंद पडतं, हा फरक मी फळ्यावर रकाने आखून समजावला आहे. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा रागाच्या भरात जे क्रियापद पहिलं हाताला लागलं ते लिहून, खाली सही ठोकून मोकळी झाले होते. मी त्याला विचारलं, दुसरं कुणी असतं तर तू पहिल्याच दिवशी खोदून विचारलं असतंस ना? तो खाली बघत म्हणाला, हो, सगळ्यांनाच विचारतो. "पण तुम्ही लिहून दिलं होतं. तुमच्या क्रियापदावर मी कुठं शंका घेणार? मशीन स्वतः सगळी नोंद ठेवतं, कधी कसं बंद झालं त्याची. तीसुद्धा उघडून पाहिली नाही. बाईंपुढे मशीनचं काय ऐकायचं."

आता 'जा' कोण म्हणतंय हे शोधायचं होतं. त्यानं चालू करायचं बटण दहा वेळा दाबून पाहिलं. साफ होतं, कुठं अडकत नव्हतं. मला समोर बसवलं, वाचायला लावलं. अर्धा तास झाला, यंत्र शहाण्यासारखं चालू. त्याचा चेहरा पुन्हा उतरायला लागला.

तेवढ्यात वन्सं चहाचे कप न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "झालं ना तुमचं? मग घालते याला." आणि कपाटातून कव्हर काढलं.

ते कव्हर मी रोज बघत होते, म्हणजे बघतच नव्हते. वन्संचं काम, त्यात नाव ठेवायला जागा नाही. मागे पंख्याला वारा मिळावा म्हणून जाळी. वर कडेला गोट. आणि पुढे, बरोबर चालू करायच्या बटणावर, धूळ बसू नये म्हणून एक छोटी झडप, काजं करून, कापडानं मढवलेलं सुपारीएवढं टणक बटण लावून बंद केलेली. बटणावर बटण. माप एक सूतही चुकलेलं नव्हतं.

जपून खुर्चीतून सावकाश उठला. म्हणाला, "आत्या, हे रोज असतं?"

"नेहमी. तू येणार असलास की काढते. दुकानात पाठवतानाही काढून ठेवते, मळेल म्हणून."

"बाई, बसा. रोज बसता तशा. वाचा."

मी बसले. मी उंच आहे, आणि काही चुकलेलं दिसलं की पुढे सरकते. ती माझी सवय. चौथ्या ओळीवर 'उज्ज्वल'मधला एक 'ज' गायब दिसला, मी सरकले, आणि उजवा गुडघा मऊ कापडातल्या त्या सुपारीला टेकला. समोर गोल फिरायला लागलं. बंद होत आहे.

तिघंही ते फिरणं संपेपर्यंत बघत राहिलो. वन्संचे पाय जमिनीलाच टेकत नाहीत, गुडघा कुठून लागणार.

जपून टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला. वन्सं मात्र गंभीर होत्या. त्यांनी कव्हर तपासलं, झडप तपासली, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला की शिवणात दोष नाही, वहिनींच्या मापात आहे. झडप हलवायला त्या तयार नव्हत्या. शेवटी डबाच टेबलाखालून उचलून वर, डाव्या बाजूला ठेवला. त्यानंतर तो एकदाही थांबलेला नाही.

वहीच्या उजव्या बाजूला जपून बराच वेळ काही लिहीना. मी म्हटलं, लिही, लाजतोस काय. त्यानं लिहिलं, 'काही नाही. क्रियापद.' मी त्याच्या हातातून पेन घेतलं, माझ्याच चिठ्ठीतल्या 'पडतो'भोवती गोल केला आणि वही परत दिली. तो म्हणाला, "जपून, बाई. जुनी वही आहे."

पाटी त्याच संध्याकाळी माळ्यावरून उतरली आणि सोमवारी दुकानावर चढली. मेहुणा बघून गेला, म्हणे अक्षर बरं आहे. त्यानंतर जपूननं सहा यंत्रं जोडून दिली आहेत.

गेल्या आठवड्यात माझ्या प्रिंटरनं त्रास द्यायला सुरुवात केली, म्हणून मी चिठ्ठी लिहून दुकानात गेले. मोठ्या पाटीखाली एक छोटी पाटी नवी दिसली: 'तक्रार तोंडी सांगावी'. मी चिठ्ठी पर्समध्ये परत टाकली आणि म्हटलं, प्रिंटर कागद खातो.

जपूननं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, खातो, की चावून टाकतो?"

मला क्षणभर विचार करावा लागला.