झटका मशीन बंद ठेवली त्या तीन रात्री

हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा धरणावर आभाळाचा अभ्यास करणारी माणसं आली. पाण्यावर एक तराफा सोडला, त्यावर शंकूसारखं काहीतरी उभं केलं आणि काठावर तंबू ठोकले. आमचं शेत धरणाला लागूनच आहे.

चौथ्या दिवशी त्यांच्यातली एक मुलगी आली. म्हणाली, "मावशी, तुमची झटका मशीन तीन रात्री बंद ठेवाल का?"

ही मशीन कुंपणाच्या तारेत थोड्या थोड्या वेळाने झटका सोडते, म्हणून रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरत नाहीत. तो झटका त्यांच्या यंत्रात पकडला जात होता. तिने ढेकळावर बसून मला समजावलं. आभाळात एकही तारा नव्हता तेव्हा सगळीकडे हायड्रोजन नावाचा वायू होता. त्याची तेव्हाची खूण अजून इथवर येते, पण फारच बारीक. तीच ऐकायला ते बसले होते. दिवसा सूर्याची गडबड असते, म्हणून रात्रीच.

नवरा गेल्यापासून शेतात मी एकटीच राहते. वर्षभर हा हरभराच पुरवायचा होता. नाही म्हणायचं मनात होतं, पण मान होकाराची हलली.

पहिल्याच रात्री रोही आले. नवरा डबा बडवून त्यांना पळवायचा. माझ्याही हातात डबा होता. पण तिकडे माणसं इतकं बारीक ऐकत बसलेली, आणि आपण डबा बडवायचा? मी तो गोधडीखाली ठेवला. खोकला आला तोही पदरात दाबला. बाहेर चरण्याचा आवाज येत होता. तिन्ही रात्री तसंच झालं. रडू आलं नाही. झोपही आली नाही.

तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी दीर आले. बांधावरूनच म्हणाले, "वहिनी, रोह्यायले पंगत वाढली काय वो तुमी? वरून मीठ तरी टाकाचं."

"मशीन बंद होती भाऊजी."

"काऊन?"

मी सांगितलं.

"अन् डबा?"

"त्यायच्या ऐकण्यात आवाज गेला असता."

ती मुलगी तेवढ्यात मागे येऊन उभी राहिली होती. हळूच म्हणाली, "मावशी, आम्ही कानांनी नाही ऐकत. रेडिओच्या लहरी असतात त्या. तुम्ही ढोल वाजवला असता तरी यंत्राला कळलं नसतं."

दीर हसायला लागले. मग शेताकडे पाहून खाली वाकले आणि एक चरलेलं झाड उचललं.

 हवं ते अजून सापडलं नाही, मुलगी म्हणाली. आणखी दोन रात्री मिळाल्या तर बरं होईल. या वेळी डबा खुशाल वाजवा.

विहिरीकडच्या थोड्या ओळी वाचल्या होत्या. त्यातून बियाण्यापुरता हरभरा निघण्यासारखा होता.

"नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

"नाही. आता नाही जमत मले."

"बरं मावशी," म्हणत ती बांधाने परत गेली. तिच्यावर राग नव्हता. दिरांवरही नव्हता. मी मशीनचा खटका दाबला आणि विहिरीकडे आडवी झालेली झाडं सरळ करायला गेले.