एक रेघ धड नाही

माझे बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढले, आणि त्यांच्या लेखी चित्र म्हणजे रेघ. ती फाटली किंवा जाड झाली की खेळ खलास. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी किराण्याच्या यादीखालीसुद्धा ते पट्टी लावून रेघ मारायचे. अशा माणसाची मुलगी पन्नाशीत जलरंग शिकायला लागली, तेही ओल्या कागदावरचे, म्हणजे घरात किती आनंदीआनंद झाला असेल ते सांगायला नको.

ओल्या कागदावर आपलं फारसं काही चालत नाही. कागद दोन्हीकडून भिजवायचा, रंगाचा ब्रश नुसता टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा. रंग जाईल तिकडे जाऊ द्यायचा. बाबांना हे बघवायचं नाही. "आवर त्याला, पळायलाय रंग!" असं ते खरोखर ओरडायचे. चित्र वाळलं की ते खिडकीपाशी न्यायचे, अंगठ्याचं नख त्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "छान. आता काढ." जणू मी अजून चित्र काढलंच नव्हतं.

सुलतान बाजारातून आणलेले कितीतरी कागद मी या एका वाक्यापायी भिजवले. मला त्यांच्या तोंडून एकदा 'जमलं' ऐकायचं होतं. पन्नाशीतही बापाची शाबासकी हवी असते, त्यात लाजायचं काय?

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं अंबरपेठच्या घरून रोज सकाळी मुसी नदीपर्यंत चालत जायचो. बाबा माझा दंड धरून चालायला लागले होते. मला वाटलं, थंडी. "वाचण्यासारखं काय असतंय त्यात?" म्हणत त्यांनी पेपरही बंद केला होता. मला वाटलं, वय.

मुसीला खरं तर धुक्यातच बघावं. फेस, कचरा सगळं झाकलं जातं आणि बिचारी चारचौघी नद्यांसारखी दिसते. त्या दिवशी तर पलीकडचा काठच गायब होता. अलीकडे दोन म्हशी तेवढ्या पुसट दिसत होत्या. दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन धुक्यातून आल्या आणि धुक्यातच गेल्या. घरी येऊन मी चहासुद्धा न घेता कागद भिजवला. काठाला राखाडी निळ्याचा एकच फटकारा, भाऱ्यांचे हिरवट डाग, म्हशींचे दोन ठिपके. मग ब्रश ठेवून दिला. कुठे थांबायचं ते मला पहिल्यांदाच कळलं होतं.

बाबांनी चित्र खिडकीपाशी नेलं. नख फिरवलं नाही. बराच वेळ बघत राहिले.

"हौ, जमलं बघ," ते म्हणाले. "अस्सल मुसी आहे ही."

मी हवेतच होते. विचारलं, "आणि धुकं? धुकं जमलंय का, बाबा?"

"कुठलं धुकं? रोज अशीच तर दिसायली नदी."

दंड धरणं, पेपर बंद करणं, सगळं मला एका क्षणात समजलं. "कधीपासून, बाबा?"

"दिवाळीच्या आधीपासून असेल." ते खाली बघत म्हणाले, "तू कायकू घाबरायलीस? घर पाठ आहे मला." ड्राफ्ट्समनला रेघ दिसत नाही, हे त्यांना कुणालाच सांगायचं नव्हतं. मला माझाच राग आला. धुकं बघायला मी मुसीपर्यंत जात होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनच्या आधी बाबांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "रेघ दिसेल ना?" डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात. बघू या."

दुसऱ्या डोळ्याचंही झालं, त्यानंतरच्या आठवड्यात बाबा एका सकाळी काळा चष्मा कपाळावर सरकवून भिंतीपाशी गेले. तिथे मी मुसीचं चित्र चिकटवलं होतं. त्यांनी अंगठ्याचं नख काठावरून हळूहळू फिरवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात हातातली पळी घट्ट धरून उभी होते.

"काय गं हे?" ते म्हणाले. "एक रेघ धड नाही. आणि ह्या म्हशी आहेत का शाईचे डाग?"

मी तिथेच रडायला लागले. बाबा गडबडले, माझ्याजवळ आले, पाठीवर थोपटलं.

"बरं बरं, छान आहे," ते घाईघाईने म्हणाले. "आता काढ."