भाचीसाठी पुस्तक शोधताना

भोकरजवळच्या आमच्या गावी शाळेत पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती. शनिवारी गुरुजी ती उघडायचे. गावातली मुलं पेटीत हात घालून हवं ते पुस्तक उचलायची. आम्हा बौद्ध वस्तीतल्या मुलांसाठी गुरुजी एकेक पुस्तक काढून फरशीवर ठेवायचे आणि आम्ही ते उचलायचं. पुस्तक घ्यायची हीच रीत असते, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. माझी मोठी बहीण, अक्का, दोघांचीही पुस्तकं उचलायची, त्यांवरची धूळ झटकायची आणि माझं माझ्या हातात द्यायची.

बहात्तरच्या दुष्काळात तिची शाळा सुटली. मायबरोबर ती खडी फोडायला जाऊ लागली. मी धाकटा आणि मुलगा, त्यामुळे माझी शाळा चालू राहिली. सुट्टीच्या दिवशी मी कामावर भाकरी पोचवायला गेलो की ती विचारायची, "त्या राजाचं पुढं काय झालं रं?" तिच्या हातोडीचे घाव थांबायचे नाहीत. पुस्तक पूर्ण वाचून झालेलं नसलं की मी पुढचं मनानंच रचून सांगायचो. तिला ते लगेच कळायचं. "लबाड," ती म्हणायची, "पण चांगलं केलंस. मारू नको त्याला."

तिच्या त्या कष्टांच्या आधारानं मी शिकलो. नांदेडला पदवी घेतली. आमच्या घरातला मी पहिलाच. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती आणि मला कारकुनी मिळाली. माय माझ्याजवळ राहायला आली. दोन-तीन वर्षांनी अक्कानं आपल्या मुलीला पाचवीसाठी आमच्याकडे धाडलं. एसटीच्या खिडकीशी उभी राहून मला एवढंच म्हणाली, "माझं ऱ्हायलं. हिचं नको ऱ्हायला."

महिना-दीड महिना बरा गेला. मग भाचीचं पोट दुखू लागलं. सकाळी दुखायचं आणि शाळेची वेळ टळली की थांबायचं. शेवटी मायनं तिला मांडीवर घेऊन बोलतं केलं. शाळेत पाण्याच्या रांजणावर एकच पेला होता. भाची पाणी प्याली की तिच्या मागची मुलगी तो पेला अंगणातल्या मातीनं घासून घ्यायची, मगच स्वतः प्यायची. बाकीच्या मुली रांगेतून बघायच्या. इतर कुणी प्यालं तर पेला घासत नसत.

मी वर्गाच्या बाईंना भेटलो. "अहो, स्वच्छतेची सवय आहे ती, चांगलंच आहे ना," बाई हसून म्हणाल्या. मी "हो" म्हणून परत आलो. घरी भाची माझ्या शर्टाला धरून म्हणाली, "मामा, मला गावाकडं सोडून ये." गावाकडे सोडलं असतं तर तिची शाळा संपलीच होती. अक्काच्या सासरी रानात हात कमीच पडायचे.

मला एकच उपाय ठाऊक होता. लहानपणी मला पुस्तकानं सावरलं होतं, तर हिलाही सावरील.

माय म्हणाली, "पुस्तकानं पेला घासायचं थांबतंय व्हय रं?"

"न्हाई माय. पण—"

"पण काय?"

पिशवी घेऊन मी गंजगोलाईच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात गेलो.

दुकानदार भला माणूस होता. "मुलीसाठी? मग ही राजकन्या न्या." राजकन्या गोरीपान होती आणि राक्षस काळाकुट्ट. आमची भाची अक्कासारखी सावळी. मी ते परत ठेवलं. थोर पुरुषांची चरित्रं होती. त्यांतल्या ज्या महापुरुषांचा फोटो आमच्या भिंतीवर होता, त्यांचं चरित्र तिला पाठच होतं. पण पाण्याच्या रांगेत तिला सोबतीला तिच्याएवढी कुणीतरी हवी होती. तशी मुलगी मला त्या दुकानात कुठंच दिसली नाही. शेवटी वस्तीतल्या एका गरीब मुलाची गोष्ट सापडली. मी आनंदानं ती घरी आणली.

चार पानं वाचून तिनं पुस्तक मिटलं.

"का गं?"

"यात बी त्याला मारूनच राहिलेत. मग पाटील येतेत अन् सोडवतेत. अन् हा त्यांच्या पाया पडतो." तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "हे मला ठावं हाय, मामा."

मला राग आला नाही. अक्काचा आवाज कानात आला, "मारू नको त्याला." त्या क्षणी अक्का शेजारी हवी होती. तिनं बरोबर निवडलं असतं.

पुढच्या रविवारी मी भाचीलाच दुकानात नेलं. तिनं बराच वेळ घेतला. मग खालच्या फळीवरून समुद्राचं एक रुंद, रंगीत चित्रांचं पुस्तक ओढून काढलं. त्यात एकही माणूस नव्हता.

"हे? याच्यात गोष्ट न्हाई."

"नसू दे."

"अगं, पण याचा तुला—" मी थांबलो. ती पानावरून बोट फिरवत होती. समुद्र मीही पाहिलेला नव्हता.

घरी तिनं मायला सगळी पानं दाखवली.

"एवढं पाणी!" माय म्हणाली. "कोन पितंय हे?"

"कोनी न्हाई. खारं असतंय."

"मग हाय कशाला?"

"असंच हाय, आजी. कोनाच्या कामाला न्हाई. ह्यो देवमासा बघ."

"शाळेत बी असंच शिकवतेत का, बिनकामाचं?"

"तू गप बस, नीट बघ."

दुसऱ्या दिवशी पुस्तक दप्तरात घालून ती शाळेत गेली. मी कचेरीत होतो, पण कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी घरी पोचलो तर माय पदरानं डोळे पुसत होती. मी घाबरलो. पण ती हसत होती.

"इचार तिला. इचार काय करून आली."

भाचीनं सांगितलं. मधल्या सुट्टीत ती पुस्तक उघडून बसली. मुली लांबून माना उंचावून बघू लागल्या. मग पेला घासणारीच जवळ आली. "दाखव ना गं."

"मी म्हनलं, आधी हात धुवून ये."

"अन्?"

"आली की धुवून. मी म्हनलं, मातीनं घासले का? नवं पुस्तक हाय."

मायला पुन्हा हसू आवरेना. मलाही हसू आलं. पण मी मामा होतो आणि पदवीधरही, म्हणून मी गंभीरपणे विचारलं, "मग दाखवलं का तिला?"

"दावलं की. देवमाशाचं पान दावलं. ती इचारते, हा चावतो का? मी म्हनलं, तुला कशाला चावंल, तू काय समुद्रात ऱ्हातीस?"

"अन् पेला?"

"घासलाच. पण आज मागं वळून, लपून घासला."

"पोट दुखतंय का?"

"न्हाई." मग तिनं विचारलं, "तिला जंगलाचं बी बघायचं हाय. तसलं हाय का दुकानात?"

मी म्हणालो, रविवारी बघू. तिनं जेवण होण्याआधीच उद्याचं दप्तर भरलं.

त्या संध्याकाळी मी अक्काला पत्र लिहायला बसलो. पोर शाळेत जाते आहे, एवढं लिहिलं आणि हात थांबला. पुढचं लिहिण्यासारखं नव्हतं. ते तिच्यासमोर बसून सांगायला हवं होतं, तिनं मला मध्येच तोडायला हवं होतं, "पुढं काय झालं रं?" म्हणायला हवं होतं. या वेळी मला काहीच रचावं लागलं नसतं. पण महिनाअखेर होती, साहेब रजा देत नव्हते, आणि भोकरकडचं अक्काचं सासर लातूरहून दिवसभराच्या वाटेवर होतं.