शोकेसवरचा हात

नवऱ्याची रिटायरमेंट दोन महिन्यांवर आली, कोळसा खाणीच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडायचं होतं आणि माझा जीव टांगणीला लागला. भद्रावतीत तीन घरं बघितली. खाणीत रोज दुपारी दोनला ब्लास्टिंग होतं. दलाल लबाड, सकाळीच बोलवायचे. मी मुद्दाम दोनलाच जायची. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर पायाखालची फरशी थरथरली. रो-हाउसमध्ये शेजाऱ्याच्या भिंतीची भेग आमच्या बाजूला उतरलेली. उरलं स्वतंत्र घर. अंगणात सीताफळाचं झाड होतं. नवरा त्यावरच भाळला.

"भिंती हलत नाई ना जी?" मी विचारलं.

"इथी काईच नाई होत, बाई," मालकीण म्हणाली. बोलता बोलता तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि काचेच्या शोकेसवर हात दाबून धरला. लगेच धडाम झालं. शोकेसमधल्या कपबश्या तेवढ्या वाजल्या नाहीत.

मी समजले. पण क्वार्टरची किल्ली परत करायची तारीख डोक्यावर होती. तेच घर घेतलं, शोकेससकट.

परवा नणंद आली. दोन वाजत आले होते.

"घर मजबूत हाय ना, वहिनी?"

"इथी काईच नाई होत," मी म्हटलं, आणि उठून शोकेसवर हात ठेवला.