चाळीस कोबी

ऑगस्ट सरता सरता उन्हाचा ताप उतरला की गांगह्वा बेटावर कोबीचं बी पडतं. नोव्हेंबरात गड्डे भरतात, मग मीठ, तिखट, रांजण आणि हिवाळाभराची किमची. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. १९९२ साली मात्र इन-सुन नावाची पन्नाशीला टेकलेली विधवा बियांचं पाकीट पदराआड धरावं तसं पोटाशी धरून स्वतःच्याच परसात चोरासारखी उभी होती. तिच्या लेकीच्या म्हणण्यानुसार ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे प्रभू येणार होता आणि आपल्या माणसांना वर उचलून नेणार होता. नोव्हेंबर उजाडणारच नव्हता. मग कोबी कुणासाठी? त्या घरात कोबी लावणं म्हणजे प्रभू येणार नाही असं तोंडावर सांगणं.

पाकिटावरच्या बारकोडच्या काळ्या रेघा तिनं आधी नखानं खरवडून काढल्या, कारण लेक म्हणायची की ती शास्त्रातल्या श्वापदाची, म्हणजे सैतानाची खूण आहे. मग कोठारामागे, घरातून दिसणार नाही अशा जागी, तिनं चाळीस रोपांपुरतं बी टाकलं. रेघाही खरवडल्या आणि बीही पेरलं! दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला लोक हसतात, पण एक दगड पोटची पोर असली की हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

तसा जगाचा अंत या घराला नवा नव्हता. इन-सुनची आई पवित्र शास्त्र घेऊन गावोगाव फिरणारी बाई. जपान्यांच्या अमलात शास्त्रातलं जगाच्या अंताचं, प्रकटीकरणाचं पुस्तक वाचायची चोरी झाली, तेव्हा तिनं ते अख्खं पाठ केलं. "पोटात ठेवलेलं कोण जप्त करतो बघू," म्हणायची. तेव्हा तिला वाटलं, आता अंत आलाच. पुढे उत्तर-दक्षिणेची लढाई पेटली, तेव्हाही वाटलं. एक्कावन्नच्या जानेवारीत आठ वर्षांच्या इन-सुनला घेऊन ती उत्तरेच्या किनाऱ्यावरून होडीत चढली. चढण्याआधी मात्र घरी मागे फिरून तिनं जमिनीत पुरलेल्या रांजणातल्या किमचीवर धोंडा नीट बसवला आणि म्हणाली, "आपण परत येऊ तेव्हा बेताची मुरलेली असेल."

परत कुणी गेलं नाही. मध्ये सीमा पडली. बेटावरच्या टेकडीवर चढलं की ते गाव आजही दिसतं, पलीकडचे सरकारी प्रचाराचे भोंगे दिवसभर कानीकपाळी ओरडतात, पण जाता येत नाही. म्हातारी मरेपर्यंत विचारायची, "तो रांजण कुणी खाल्ला असेल गं?" प्रभूची वाट तिनं जन्मभर पाहिली आणि कोबी एकाही वर्षी चुकवला नाही.

लेक हे-रान बावीस वर्षांची. इंचॉनला शिलाईच्या कारखान्यात होती. आदल्या वर्षी एका सोमवारी कामावर गेली तर कारखान्यात नुसत्या भिंती. मालकानं यंत्रं उचलून दुसऱ्या देशात नेलेली. घरी आली ती भिंतीकडे तोंड करून बसली. टीव्हीवर जळत्या तेलविहिरी दाखवत, ती बघत राही आणि ताटातला घास ताटातच राही. एकदा अंथरूण झटकताना इन-सुनला उशाखाली झोपेच्या गोळ्यांची पुडी सापडली. एकेक करून साठवलेल्या, बऱ्याच. तिनं त्या भट्टीत टाकल्या, आणि तेव्हापासून तिची झोप कायमची गेली.

मग कुणीतरी हे-रानला योम नावाच्या प्रचारकाकडे नेलं. बाजारात पेंडीच्या दुकानावरच्या माडीत त्याची सभा भरे. पहिल्या दिवशी घरी येऊन पोरगी दोन वाडगे भात जेवली. इन-सुनला त्या योमचे पाय धरावेसे वाटले. तारीख वगैरे तिला नंतर कळली, आणि तोवर ती अडकित्त्यातली सुपारी झाली होती. प्रभू येणार नाही म्हणावं तर पोरगी तुटते, येतो म्हणावं तर जीभ वळत नाही. शेवटी ती रोज संध्याकाळी लेकीशेजारी त्या माडीवर जाऊन बसू लागली. दाराला आतून कडी लागे, खिडक्यांना जाड कागद डकवलेले. प्रार्थना चाले तेव्हा ती डोळे मिटून फक्त पोरीचा श्वास ऐके.

तिच्या स्वतःच्या चर्चमधले म्हातारे पाळक मेंग एकदा घरी आले. ओसरीच्या कडेवर टेकले, गुडघा चोळत म्हणाले, "इन-सुन, तो यायचाच आहे. मीसुद्धा वाट बघतोय. पण तारीख बघून अंगण झाडणारा चाकर कसला चाकर? धनी येईल तेव्हा त्याला आपण कामात दिसावं, एवढंच."

"हो, पाळकसाहेब," ती म्हणाली. आतल्या खोलीत हे-रान ऐकत होती, म्हणून एवढंच म्हणाली.

ऑक्टोबरात कोबीचे गड्डे पेंढ्यानं बांधावे लागतात, नाहीतर गोठलेलं दव आतलं पान जाळतं. हे-रान बाजारात गेली की इन-सुन कोठारामागे जाऊन दहा-बारा गड्डे बांधी. रविवार चार दिवसांवर आला तेव्हा शेवटची ओळ बांधून ती घरात आली आणि लेक दारात उभी.

"तुझ्या केसांत पेंढा कुठला?"

"लागला असेल कुठला तरी."

हे-रान सरळ कोठारामागे गेली. कमरा आवळून बसलेले चाळीस कोबी तिनं बघितले.

"कुणासाठी लावलेस हे?"

"तुझ्यासाठीच की. तुला बाहेरच्या पानांचं कालवण आवडतं."

"मी नसणार आहे, आई! मी वर जाणार आणि तू इथे एकटी किमची खात बसणार? एवढी संकटं येणारेत, तुला कोण बघेल?" तिचा आवाज फाटला. "तुला माझ्याबरोबर यायचंच नाहीये."

"तू जाशील तिथं मी येणार."

"मग उपट."

इन-सुन खाली बसली आणि उपटू लागली. ऐन भरात आलेला गड्डा हातात जड लागतो, त्या जडपणानंच तिला रडू आलं. कुंपणापलीकडून शेजारीण मांगनान ओरडली, "अगं हे-रानच्या आई, डोक्यावर पडलीस का? अजून तीन आठवडे ठेवलेस तर ताटाएवढे होतील!"

"माझे आहेत, मी उपटेन नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेन!" इन-सुन खेकसली. चाळिसावा उपटेपर्यंत हे-रान जागची हलली नाही. मग तिनं आईचे मातीचे हात धुतले, अगदी बोटांच्या बेचक्यांतून.

रविवारी पहाटे सगळे पांढऱ्या कपड्यांत माडीवर बसले होते. इन-सुननं लेकीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. उचललीच तिला, तर आपण लोंबकळत का होईना बरोबर जाऊ, असा तिचा साधा हिशेब. प्रभू येताना वाजणाऱ्या रणशिंगाची वेळ आली, गेली. खिडकीवरचा कागद कडांनी उजळला. खाली पेंडीवाल्यानं फळ्या काढल्या. रोजच्यासारखे पलीकडचे भोंगे सुरू झाले.

कुणी हुंदके देऊ लागलं. हे-रान रडत नव्हती. भिंतीकडे बघत होती, तशीच, कारखाना गेल्यावर बघायची तशी. हातातलं मनगट हळूहळू गार आणि सैल पडत गेलं. इन-सुनला ती गोळ्यांची पुडी आठवली.

"आपल्यात कुणीतरी संशय धरला," योम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुणीतरी उद्याची तरतूद करून ठेवली. म्हणून स्वर्गाचं दार उघडलं नाही."

इन-सुन उठली. "मी. मी कोबी लावलेत."

"पण ते तर तू..." हे-राननं मान वर केली.

"सगळे नाही उपटले. तीन ठेवलेत झाकून. तुला फसवलं मी."

ती धडधडीत खोटं बोलत होती. एकही कोबी उरला नव्हता. पण लेकीच्या चेहऱ्यावर रंग परत येताना तिला दिसला. पोरीचं जग ढासळलं नव्हतं, आईनं बिघडवलं होतं, इतकंच. बिघडलेलं दुरुस्त होतं, त्यासाठी कुणी गोळ्या साठवत नाही. योमचा चेहरा तर हरवलेली किल्ली सापडावी तसा सैल झाला. तो म्हणाला, प्रभूनं मुदत वाढवली आहे, आता डोंगरातल्या प्रार्थनागृहात जाऊन वाट पाहायची. संशयी माणसांना तिथं जागा नाही.

हे-रान निघाली तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. "आई, मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन," म्हणाली. खरं काय ते त्याच क्षणी सांगता आलं असतं. इन-सुनच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर पोर घरी राहिली असती, भिंतीकडे तोंड करून. तिनं पोरीच्या हातात लोकरीचे मोजे दिले.

अधूनमधून पत्र येतं. दोनच ओळी असतात. "आई, पश्चात्ताप कर. मी जेवते." पहिली ओळ इन-सुन वाचत नाही.

त्या नोव्हेंबरात मांगनाननं कुंपणावरून सहा कोबी अलीकडे ढकलले. "खोड मोडली का गं? आता तरी माणसासारखी वाग," म्हणत ती मिठात हात घालायलाही आली. मोठा रांजण भरल्यावर इन-सुननं एक लहान वेगळा भरला आणि कोठारामागे, जिथं ते चाळीस होते, तिथं खड्डा खणला.

"हा कुणाचा?" मांगनाननं विचारलं, आणि मग स्वतःच जीभ चावली. हात पुसत हळूच म्हणाली, "कधी येणार आहे ती? काही लिहिलंय?"

इन-सुननं रांजण खड्ड्यात बसवला, पानं दाबून सारखी केली.

"तो दिवस नि ती घटका कुणाला ठाऊक असते का?" ती म्हणाली. "तू आधी तो धोंडा दे इकडे."