परसातलं पान

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. हेब्बाळला थोरल्या दिरांकडे पूजा होती. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमच्या देवनहळ्ळीच्या मळ्यात खताचा ढीग मीच फावड्याने खालीवर करायची. "हिच्या अंगाला शेणाचा वास येतो," म्हणत त्यांनी भरल्या पंगतीतून मला उठवलं आणि माझं पान परसात मांडायला लावलं. मी तिथे बसून जेवले. विसरले मात्र नाही.

पुढे मी भंगारातून काँक्रीट कालवायचा मिक्सर आणला, त्याला मोटर बसवली. शेण, पालापाचोळा, पाणी आत टाकायचं, बटण दाबायचं. माझ्या खताचं नाव झालं.

मग अण्णांनी द्राक्षं लावली आणि रिकामी पोती घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. "स्वल्प खत दे गं."

मी त्यांच्या हातात फावडं ठेवलं.

"अगं, मिक्सर आहे ना?"

"तो माझ्या खतापुरता. तुमचं तुम्ही कालवा."

दुपारपर्यंत अण्णा कोपरापर्यंत बरबटले. जेवायची वेळ झाली तसे हातपाय धुऊन आत यायला निघाले. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"अण्णा, तुमचं पान परसात वाढलंय. वास येतो."